कोल्हापुरात शाळेची बास्केटबॉल टीम उभी करतोय, पतियाळाला जाऊ की इथंच राहू?

रिंगखालचा_गडी (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. वय २६, बी.पी.एड. झालंय, विद्यापीठाकडनं वेस्ट झोन खेळलोय. सध्या एका खाजगी शाळेत बास्केटबॉल कोच म्हणून आहे, मानधनावर, म्हणजे दहा महिने पैसे आणि एप्रिल-मे ठणठणाट. वर पीटीचे तास, परेड, गॅदरिंगला खुर्च्या मांडणं, १५ ऑगस्टला झेंड्याचा खांब रंगवणं हे सगळं आहेच, त्याचं काही नाही, सगळीकडं तसंच असणार.

आता अडचण सांगतो. कोल्हापुरात पोरगं चालायला लागलं की पायात फुटबॉल येतो हे तुम्हाला माहितीच आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील नि शिवाजी मंडळाची मॅच असली की माझी निम्मी पोरं प्रॅक्टिसला दांडी, आणि रागवायचं तरी कुणाला, मी पण तिकडंच असतो 😄 उरलेली तालमीत. तरीपण पाचवी ते नववी मिळून चाळीसेक पोरं येतात. पोरी दहा-बारा, त्या पण आठवीनंतर गळतात. एकच सिमेंटचं कोर्ट, उघड्यावर, आणि शालेय स्पर्धा सुरू होतात ऐन पावसात. म्हणजे जून-जुलैला ग्राउंड ओलं, प्रॅक्टिस नाही आणि ऑगस्टला एकदम डीएसओ ऑफिसचं, म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं, पत्र येतं की अमुक तारखेला जिल्हास्तर.

मुख्याध्यापक म्हणतात यंदा जिल्ह्यात पहिला नंबर पाहिजे. एका संचालकांनी तर सुचवलं की बाहेरनं दोन उंच पोरं आणून ॲडमिशन देऊ, वयाच्या दाखल्याचं बघून घेऊ. मी काही बोललो नाही तेव्हा, पण डोक्यातनं जाईना ते.

दुसरीकडं पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंगचा डिप्लोमा करावा असं लई दिवस मनात आहे. वर्षभर गेलो तर इथलं सगळं बसणार, कारण माझ्यामागं बघणारं कोण नाही. आणि पुण्यातल्या एका अकादमीची ऑफर पण आहे, पगार इथल्यापेक्षा बरा पण तिथं फीवाली पोरं, बॅच संपली की विषय संपला. घरचे म्हणतात शिक्षक भरतीच्या मागं लाग नि हे सोड.

कोचिंगमध्येच करिअर करायचंय एवढं पक्कं आहे. कुठनं सुरुवात करू? जुन्या जाणत्यांनी मनमोकळं सांगा, वाईट वाटणार नाही.

---

व्हीएच_प्लेयर (अमरावती)

भाऊ, आधी त्या दाखल्याचं बोलतो मग बाकी. नाही म्हणून टाक, आजच, आणि तोंडी नको, वहीत लिहून ठेव की अशी चर्चा झाली आणि मी नकार दिला. ओव्हरएज पोरगं सापडलं की पूर्ण टीम बाद होते, त्या एका पोरापायी बाकीच्या अकरा जणांचं वर्ष जाते, आणि फॉर्मवर सही तुझी असते, संचालकाची नसते. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, शाळेचं जनरल रजिस्टर, चारही ठिकाणी तारीख सारखी आहे का हे प्रत्येक पोराचं जूनमध्येच पाहून घ्यायचं. पुष्कळदा चोरी नसते, नुसती स्पेलिंगची नि तारखेची गडबड असते, पण स्पर्धेच्या दिवशी टेबलावर ते कोण ऐकून घेते?

आता पतियाळा. डिप्लोमा कर, यात दुमत नाही. साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) म्हणा, राज्याचे क्रीडा मार्गदर्शक म्हणा, सरकारी कोचची जाहिरात निघाली की पात्रतेत पहिला हाच कागद दिसते. पण यंदाच कर असं कोण म्हणून राहिलं? तिथंच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असते, साधारण उन्हाळ्यात, म्हणजे तुझे ते ठणठणाटाचे महिने. तो आधी कर. डिप्लोमाएवढं वजन त्याला नाही, पण आपल्याला काय येत नाही ते तिथं बरोबर समजते. ट्रेनिंगचं शास्त्र, लोड कसा वाढवायचा, बारा वर्षांच्या पोराला किती उड्या मारायला लावायच्या, हे आपण खेळाडू होतो तेव्हा कोणी सांगितलेलं नसते. आपल्याला ज्या सरांनी जसं पळवलं तसं आपण पोरांना पळवतो, एवढंच चाललेलं असते सगळीकडे. आणि जागतिक कोच संघटनेचं, म्हणजे डब्ल्यूएबीसीचं मॅन्युअल फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) साइटवर फुकट आहे, इंग्रजी सोपं आहे, रोज पाच पानं वाच.

टीमचं सांगतो. तू नववीच्या पोरांवर जीव लावून राहिला असशील, कारण मुख्याध्यापकाला निकाल १७ वर्षांखालच्यांचाच दिसते. ते पोरगं पुढच्या वर्षी दहावीत जाईल, क्लास लागेल, तू पुन्हा शून्यावर. म्हणून पाचवी-सहावी पकड. त्यांच्यासाठी रिंग २.६० मीटरवर पाहिजे नि बॉल ५ नंबरचा. आपल्याकडे काय होते, दहा वर्षांचं पोरगं ७ नंबरचा बॉल घेऊन ३.०५ मीटरच्या रिंगकडे दोन्ही हातांनी कमरेतून भिरकावते, आणि तीच सवय त्याच्या हाताला बसते. मग आठवीत आपण ओरडतो, कोपर आत घे, कोपर आत घे! कुठून घेईल?

आणखी एक, १४ खाली झोन डिफेन्स, म्हणजे माणूस न धरता आपापली जागा सांभाळणं, खेळवू नको. मला ठाऊक आहे की २-३ झोन (दोघं पुढे, तिघं मागे) लावून, दोन लंबे पोट्टे रिंगखाली उभे करून जिल्हा जिंकता येते, कारण त्या वयात बाहेरून कोणाचा बॉल पडतच नाही. पण तेच पोट्टे विभागावर जातात, समोर एक शूटर येते, आणि यांना माणूस धरताच येत नाही. डोळे बॉलवर, माणूस पाठीमागून कट मारून लेअप (पळत जाऊन रिंगजवळून टाकलेला बॉल) टाकून परत डिफेन्सला पण गेला तरी याला पत्ता नाही. मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकाने आपला एक माणूस धरणं, शिकव, पहिलं वर्ष मार खातील, खाऊ दे.

---

कोथरूडची_कोच

वरच्या सरांशी बहुतेक सहमत. मी फक्त मुलींबद्दल लिहिते कारण "पोरी दहा-बारा, आठवीनंतर गळतात" हे एका ओळीत लिहून पुढे गेलास, आणि माझ्या मते तुझ्या शाळेत सगळ्यात लवकर काही उभं राहणार असेल तर ते तिथेच राहील. जिल्ह्यात मुलांच्या टीम किती आणि मुलींच्या किती, मोजून बघ. बऱ्याच जिल्ह्यांत मुलींच्या गटात चांगल्या टीम हाताच्या बोटावर असतात, तिथे दोन वर्षं नीट काम केलं तरी विभागापर्यंत जाता येतं.

त्या का गळतात हे त्यांना कुणी विचारत नाही. खेळ आवडत नाही म्हणून क्वचितच. प्रॅक्टिस सात वाजता संपते आणि घरी जायला अंधार होतो. कपडे बदलायला जागा नाही, ग्राउंडजवळचं टॉयलेट कुलूपबंद आणि किल्ली शिपाईमामांकडे, मामा पाचला घरी. पाळी आली की काय करायचं, कुणाला सांगायचं, कोच पुरुष. मग आई म्हणते कशाला ते, बास झालं आता. माझ्या ग्रुपमध्ये प्रॅक्टिस एक तास अलीकडे घेतली आणि टॉयलेटची दुसरी किल्ली करून सगळ्यात सिनियर मुलीकडे दिली, बाकी काही नाही, तर त्या वर्षी आठवीतली एकही मुलगी सोडून गेली नाही.

तू एकटा आहेस म्हणून सांगते, मुलींच्या बॅचला एखादी बाई सोबत असू दे. शिक्षिका असेल, कुणाची आई असेल, कॉलेजला गेलेली जुनी खेळाडू असेल तर उत्तमच. बाहेरगावी टीम नेताना तर बाई बरोबर असल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, मुख्याध्यापक कितीही म्हणाले "जाऊन या हो सर" तरी. मुलीला एकटीला मेसेज करायचा नाही, जे काय असेल ते पालकांच्या ग्रुपवर. पॉक्सो कायदा आहे म्हणून तर आहेच, पण त्यात तुझंही रक्षण आहे. ही पद्धत पालकांना पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाक, आयांचा विश्वास तिथेच बसतो.

बॉल ६ नंबरचा घे त्यांच्यासाठी. अजूनही कित्येक शाळांत मुली ७ नंबरने प्रॅक्टिस करतात आणि मॅचला हातात ६ आला की सगळे पास लांब जातात.

पालक विचारतात "यातून पुढे काय". ग्रेस गुण आहेत दहावी-बारावीला, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण दोन्हीला कुठल्या पातळीपर्यंत खेळलं पाहिजे याचे नियम आहेत आणि ते अधूनमधून बदलतात, तेव्हा चालू जीआर हातात ठेवूनच बोल. आमच्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, रेल्वेत नोकरी लागली, हे मी पण सांगते मुलींना, पण "तुमची मुलगी पण होईल" असं कधीच म्हणत नाही. तिच्या घरात आई-वडील दोघंही बास्केटबॉलवाले, हेही सांगते.

---

भायखळा_३_पॉइंटर

मी थोडा उलटा बोलणार आहे, राग मानू नका लोकहो.

सर्टिफिकेट, मॅन्युअल, सगळं ठीक. पण आमच्या मुंबईच्या नागपाड्यात जे घडलं ते कागदावर घडलं नाही. तेवढ्याशा मोहल्ल्यातनं इंडिया प्लेयर निघाले, अब्बास मुंतसिर तर भारताचे कॅप्टन, १९७० चा अर्जुन पुरस्कार. तिथे काय होतं? कोर्ट संध्याकाळी रिकामं राहायचंच नाही. छोटे बाजूला उभे राहून मोठ्यांचं बघायचे, मोठे हरले की छोट्यांना पाच मिनिटं मिळायची, आणि जुने प्लेयर कामावरून सुटले की घरी जायच्या आधी एक चक्कर मारायचेच. तुझ्याकडे ते वातावरण कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्यांनी ऑलरेडी करून दाखवलंय ना भावा, पेठेपेठेत तालीम आहे, जुना खेळाडू नव्याला बूट घेऊन देतो. त्यांच्याशी भांडत बसू नको, त्यांचं कॉपी कर. शाळा सुटल्यावर गेट उघडं ठेवायची परवानगी काढ, माजी विद्यार्थ्यांना रविवारी बोलाव. तुझ्यामागं बघणारं कोणी नाही म्हणतोस, ते तिथूनच मिळणार. दहावी झालेली दोन पोरं पकड, त्यांना छोट्यांची बॅच दे, स्कोअरशीट भरायला शिकव.

आता पैसा, त्यावर वर कोणी बोललंच नाही. तू मानधनावर आहेस, मग लेखी काय आहे तुझ्याकडे? मी एका संस्थेत होतो, नाव नाही घेत, तिथे तोंडी सगळं गोड गोड चाललेलं, आणि टीम स्टेटला गेल्यावर दुसऱ्याच माणसाला कोच म्हणून नेलं, प्रवासखर्च माझ्या खिशातनं. तेव्हा एक पानाचं का होईना पत्र घे. पगार किती महिने, स्पर्धेचा प्रवास-जेवण कोण देणार, वर्षाला बॉल किती, सुट्टीत कोर्ट वापरून समर कॅम्प घेतला तर फीचा वाटा कोणाचा. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण एप्रिल-मेचा तुझा खड्डा तिथेच भरणार. शिवाय रेफ्रीची परीक्षा दे. जिल्ह्यात रेफ्री आणि टेबलवाले कायम कमी असतात, मॅचचे पैसे मिळतात, आणि नियम असे डोक्यात बसतात की नंतर पोरांना फाउल का झाला ते समजावता येतं. नाहीतर अर्धे कोच साइडलाइनला उभे राहून ज्या गोष्टीवर ओरडतात ती नियमात नसतेच.

आणि व्हीएच सर, "पहिलं वर्ष मार खातील, खाऊ दे" हे तुम्ही परमनंट आहात म्हणून बोलता 🙂 मानधनवाल्याला मुख्याध्यापक दुसरं वर्ष देतील का? त्यांना नंबरच पाहिजे असेल तर दुसरा कुठला तरी नंबर दाखवावा लागेल. ३x३ बघ. एका टीमला चार पोरं, अर्धं कोर्ट, दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. शाळेतच आंतरवर्गीय ३x३ ठेव शनिवारी, मुलींची पण, बक्षीस मुख्याध्यापकांच्या हस्ते, फोटो पेपरला. त्यांचं समाधान होतं आणि तुझी शंभर पोरं बॉलला हात लावतात.

---

व्हीएच_प्लेयर (अमरावती)

भायखळा, परमनंट व्हायला मला किती वर्षं लागली ते विचारू नका राजेहो 😅 पण मुद्दा बरोबर आहे. ३x३ चांगली कल्पना. फक्त तिथे हिशोब ठेवा, छोट्या कोर्टावर १२ सेकंदांत शॉट घ्यायचा असते तर पोट्टे पास विसरतात. शाळेपुरता आपलाच नियम करा, तिघांच्याही हाताला बॉल लागल्याशिवाय शॉट नाही.

लुधियानाचं पण सांगून ठेवतो. सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये ५२ वा निवडला गेला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या सुब्रमण्यम सरांच्या अकादमीत तो लहानपणी आला, ते सर तोवर वारले होते. कोचच्या कामाचं फळ असं उशिरा दिसते. तुझ्या मुख्याध्यापकांना हे सांग असं नाही, त्यांना पेपरातला फोटोच दाखव.

---

आठवी_ब_ची_आई

मी कोच नाही, पालक आहे, कोल्हापूरचीच. माझा मुलगा बास्केटबॉल खेळतो (दुसऱ्या शाळेत). एकच सांगायचंय की आम्हाला काहीच कळवलं जात नाही. स्पर्धा आहे हे आदल्या रात्री कळतं, डबा काय द्यायचा, परत कधी येणार, काही नाही. बेंचवर बसवलं तर का बसवलं हे मुलगा सांगत नाही आणि सरांना विचारलं तर "बाकीच्यांना पण संधी द्यावी लागते हो" एवढंच. वर्षाच्या सुरुवातीला अर्धा तास बोलावून सांगा ना की आमच्याकडे असं असं चालतं, प्रॅक्टिस बुडवली तर असं, अभ्यासात मागे पडला तर असं. आम्ही पाणी, केळी, गाडी सगळं बघू. शूज कुठले घ्यायचे ते पण सांगा, दुकानदार रनिंगचे शूज देतो आणि दोन महिन्यांत घोटा मुरगळतो.

---

रिंगखालचा_गडी (कोल्हापूर)

लई लई आभार सगळ्यांचे. सगळं दोनदा वाचलं.

दाखल्याचं आज बोललो, नाही म्हणालो. संचालक म्हणाले "बघू". पत्राचं मुख्याध्यापकांना विचारलंय, समर कॅम्पमधनं शाळेला पण वाटा देतो म्हटल्यावर जरा कान टवकारले त्यांनी 😄 ताई, टॉयलेटच्या किल्लीचं खरंच डोक्यात नव्हतं, आमच्याकडं पण कुलूपच असतंय. मुलींची बॅच साडेचारला आणतो, आणि एका मुलीची आई कबड्डी खेळलेली आहे, त्यांना विचारतो.

पतियाळाचं ठरवलंय, येत्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा कोर्स जमतोय का बघतो. पण मग समर कॅम्पचं काय? दोन्ही एकाच वेळी येतंय की.

आणि दोन बारक्या गोष्टी. पावसात काय करता तुम्ही लोक? आमचं कोर्ट जुलैत हिरवंगार होतंय शेवाळानं. आणि ती २.६० ची रिंग, नवीन पोल घ्यायला शाळा पैसे देणार नाही, मग कशी करायची?

---

कोथरूडची_कोच

कॅम्प एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या संपल्या घे, तीन आठवड्यांचा बास. कोर्सच्या तारखा जाहीर झाल्या की बघ, आणि कॅम्पचा शेवटचा आठवडा लागलाच तर त्या दहावी झालेल्या पोरांवर सोड, त्यांना पैसे दे त्याचे.

पावसात आम्ही कॉरिडॉर वापरतो. भिंतीवर टेपने चौकोन करून पासिंग, पिव्होट (एक पाय जागेवर ठेवून वळणं), जागच्या जागी दोन बॉलचं ड्रिबलिंग, डिफेन्सचा स्टान्स. जंप नाही, फरशी निसरडी असते. खालच्या वर्गांचे तास चालू असतील तर आवाजावरून बोलणी बसतात, मग त्या दिवशी मॅचचा व्हिडिओ आणि स्कोअरशीट. शेवाळाला ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत कोणाला सोडायचं नाही. उघडीप मिळाली की पंधरा दिवसांनी परत.

---

भायखळा_३_पॉइंटर

रिंगसाठी नवीन पोल कशाला, तुमच्या कोल्हापुरात कारखान्यांचं उद्यमनगर आहे की! कुठल्याही फॅब्रिकेटरकडे जा. आहे त्या पोलला खालच्या उंचीवर दुसरी एक फ्रेम क्लॅम्पने बसेल अशी बनवून घे, नटबोल्ट काढले की सुटली पाहिजे, वेल्डिंग करू नको म्हणावं. बोर्ड छोटा चालेल, वॉटरप्रूफ प्लायचा, कडा पेंट करून. फक्त पोलच्या बाहेर फ्रेम पुरेशी पुढे येईल असं बघ, नाहीतर लेअप मारून पोरगं थेट पोलवर आदळतं, आणि पोलला जुनी गादी गुंडाळ. उंची मोजताना जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत धर, फॅब्रिकेटर हमखास बोर्डच्या खालच्या कडेपासून धरतो. आणि बिल शाळेच्या नावाने कर, उद्या तू पतियाळाला गेलास तरी फ्रेम तिथेच राहू दे.